दक्षिणेची उबदार भिंत

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता नोएलाचा पियानो जमिनीत गेला.

सगळा गेला नाही. डावा कोपरा गेला. सूर लावायला मकाय शहराहून एक माणूस आला होता. सडपातळ, पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा. त्याने आणि लेसने मिळून पियानो भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मग माणूस स्टुलावर बसला, बोटं मोडली आणि डावीकडची शेवटची पट्टी दाबली. मोठा, जाड आवाज निघाला. तो आवाज विरायच्या आत पियानोने डावा खांदा पाडला आणि गुडघाभर खाली गेला. माणसाचं बोट अजून पट्टीवरच होतं.

"मी फक्त एक सूर वाजवला," तो म्हणाला. "तुम्ही बघत होतात."

"बघत होतो," लेस म्हणाला.

"जोरात नाही वाजवला."

"नाही."

माणसाने हत्यारं पेटीत भरली. पियानो सपाट जमिनीवर असल्याशिवाय सूर लागत नाही, हे त्याने दारातून सांगितलं आणि तो निघून गेला.

आमच्याकडची जुनी घरं लाकडाची आणि माणसाच्या उंचीच्या खांबांवर उभी असतात. खाली गाडी, धुण्याचं मशीन, कपड्यांच्या दोऱ्या. लेस जिना उतरून खाली गेला. धुण्याच्या मशीनच्या बरोबर वर पियानोचं पितळी चाक लोंबत होतं आणि सावकाश फिरत होतं. मशीनवर लाकडाचा भुगा पडला होता. लेसने फळीचा एक तुकडा उचलला. वरून चकचकीत, तपकिरी रंगवलेला. आतून पोकळ, जुन्या वहीच्या पानांसारखा. चिमटीत धरला तर मोडला. गेले तीन महिने आपण या घरात फळ्यांवर नव्हे, रंगावर चालतोय, हे लेसला तेव्हा कळलं. तो नकळत हलका उभा राहिला, जणू त्याने काही उपयोग होणार होता.

लेस डॉकरिल साखर कारखान्याच्या उसाच्या आगगाडीवर अडतीस वर्षं चालक होता. इंजिन रुळावरून घसरलं तर काय करायचं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पियानो घसरला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. पियानोबद्दल जे काही माहीत असायचं ते त्याच्या बायकोला, नोएलाला, माहीत असायचं. गावातल्या निम्म्या पोरांना तिने पियानो शिकवला होता आणि उरलेल्या निम्म्यांनी तिच्या भीतीने फुटबॉल धरला होता. चौदा ऑगस्टला तिला जाऊन वर्ष होणार होतं. त्या दिवशी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं आणि कुणाकडून तरी तो पियानो वाजवून घ्यायचा, एवढंच लेसने ठरवलं होतं. ती गेल्यापासून, तीन महिन्यांपूर्वी लेसने हे घर घेऊन पियानो इथे आणल्यावरही, त्याचं झाकण उघडलं नव्हतं. आता उघडलं होतं, आणि पाच आठवडे हातात होते.

शेजाऱ्याचं नाव जो. जो ग्रेच, मूळचा माल्टा बेटाचा. साठ वर्षांपूर्वी बापाबरोबर ऊस तोडायला आला आणि इथलाच झाला. आवाज ऐकून तो कुंपणापलीकडून आला, कारण आमच्याकडे आवाज झाला आणि शेजारी आला नाही तर तो मेला असं धरतात. त्याने वरून पियानो पाहिला. खाली जाऊन चाक पाहिलं. चाकाला बोटाने एक गिरकी दिली.

"वाळवी," तो म्हणाला.

"दिसतंय."

"विमा आहे ना? विम्यावाल्यांना फोन कर. आत्ताच्या आत्ता. दुसरीकडे कुठे जाऊच नकोस."

लेसने विम्यावाल्यांना फोन केला. तासभर संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या. वादळाने पियानो पाडला असता तर मिळालं असतं. पुराने, आगीने, अगदी आकाशातून काही पडून गेला असता तरी मिळालं असतं. कीटक चालत नाहीत. "कीटक हळू करतात," बाई समजुतीने म्हणाल्या. "आम्ही एकदम झालेलं देतो."

"पियानो एकदमच गेला," लेस म्हणाला.

बाईंनी त्याला पुन्हा संगीतावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वाळवीवाला आला. त्याचं नाव वॉरन. भलामोठा माणूस, गुडघ्यांना चामड्याची पट्टी, आणि देवळात आल्यासारखा दबक्या आवाजात बोलणारा. लेसला वाटलं घसा बसलाय. नव्हता बसला. वॉरनला वाळवीबद्दल आदर होता. सव्वीस वर्षं तो तिला मारत होता आणि दरवर्षी तो आदर वाढत होता.

त्याने पियानोमागच्या भिंतीवर बोटं आपटत आपटत खोलीभर फेरी मारली. मग एका जागी थांबला आणि तळहात टेकवला.

"लेस, इथे हात ठेवा."

लेसला हात ठेवायची गरज नव्हती. ती जागा त्याला माहीत होती. तिथे त्याची खुर्ची होती. जूनमध्ये हिवाळा लागल्यापासून तो संध्याकाळी तिथे पाठ टेकून बसायचा, कारण भिंत उबदार होती. घरातली तेवढीच जागा उबदार होती. दिवसभराचं ऊन भिंतीत मुरत असणार, असं त्याने धरलं होतं. कधी कधी पाठ टेकून बसल्याबसल्या तो नोएलाला दिवसभराचं सांगायचा. फार काही नाही. बाजारात कोण भेटलं, टोमॅटो कसे होते, एवढंच.

"उन्हाने तापते," तो म्हणाला.

वॉरनने खिडकीबाहेर पाहिलं. "ही दक्षिणेची भिंत आहे. आपण पडलो विषुववृत्ताखाली. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन उत्तरेचं, दक्षिणेला कुठून येणार?"

लेसने आपल्या खुर्चीकडे पाहिलं. अडतीस वर्षं त्याने उसाच्या शेतांतून गाडी चालवली होती, ऊन कुठून येतं हे त्याला माहीत होतं. भिंत उबदार होती म्हणून त्याने विचारलंच नव्हतं.

वॉरनने सुरी काढली आणि भिंतीचा पुठ्ठ्याचा तक्ता कडेने कापला. नवीन तक्ता होता, नवीन रंग. तो त्याने खिडकीसारखा उघडला.

आत वारूळ होतं.

लेसने वारुळं पाहिली होती, शेतात, रुळांच्या कडेला. हे तसं नव्हतं. जमिनीपासून छतापर्यंत, दोन खांबांच्या मध्ये, पूर्ण भिंतभर एक तपकिरी शहर उभं होतं. मजल्यावर मजले. पातळ, कागदासारख्या भिंती, त्यांतून कमानी, कमानींमधून रस्ते. एकही रस्ता सरळ नव्हता आणि एकही रस्ता कुठे संपत नव्हता. खांब असायला हवे होते तिथे खांबांचा आकार होता, पण खांब मातीचा होता. लाकूड खाल्लं, त्याच्या जागी माती भरली, आणि घर उभं ठेवलं.

"तुमचं घर यांनीच धरून ठेवलंय," वॉरन कुजबुजला. "नाहीतर मागेच बसलं असतं."

"किती असतील?"

"दहा लाख. जास्तच. आणि मुकादम एकही नाही. नकाशा नाही. आणि सगळे आंधळे."

कारखान्यात सातशे माणसं होती, तीन पाळ्यांत नऊ मुकादम होते, तरी गळीत कधी वेळेवर सुरू झालं नाही. लेसने खुर्ची ओढली आणि बसला. वॉरनने स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणून भिंतीला लावला आणि लेसला कान लावायला सांगितलं. आतून टकटक येत होती. बारीक, एकसारखी, हजारो ठिकाणांहून एका तालात.

"शिपाई आहेत ते. भिंत उघडली ना. डोकी आपटून सांगतात एकमेकांना, की बाहेर कोणीतरी आलंय."

लेस बराच वेळ कान लावून बसला. फसवला गेलेला माणूस आधी चिडतो. लेसला चिडायचं सुचलंच नाही. त्याने एवढंच विचारलं, "ऊब यांचीच का?"

"यांचीच. पिल्लांना लागते."

आता रिपोर्टाबद्दल सांगायला हवं. घर घेताना इमारत आणि वाळवी तपासून घ्यायची असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लेसलाही माहीत होतं. पण लेसच्या आधी केव्ह मॅकिनन नावाच्या माणसाने हेच घर ठरवलं होतं. त्याने तपासणी करून घेतली, रिपोर्ट आला, आणि मग बायकोला स्वयंपाकघर आवडलं नाही म्हणून त्याने माघार घेतली. तेव्हा जो म्हणाला होता, "ताजा रिपोर्ट पडलाय की केव्हकडे. पुन्हा तपासणी कशाला?" आणि जोनेच मध्ये पडून तो मिळवून दिला. बदल्यात बिअरचं एक खोकं. आमच्याकडे अर्धी कामं अशीच होतात. गटार साफ केलं, एक खोकं. छपराचा पत्रा बसवला, दोन खोकी. याची पावती मागणं म्हणजे दोस्ताला चोर म्हणणं. रिपोर्टाच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं होतं, "जिवंत वाळवी आढळली नाही." पुढची एकवीस पानं लेसने वाचली नव्हती. जो म्हणाला होता, ती वकिलांची बडबड असते.

वकील मिस कॉलवेल तिशीतल्या, चटपटीत. त्यांनी ती बडबडच आधी वाचली. पान चारवर लिहिलं होतं, की दक्षिणेच्या भिंतीसमोर मोठं कपाट होतं, म्हणून ती तपासता आली नाही. पान एकवीसवर लिहिलं होतं, की हा रिपोर्ट फक्त मिस्टर मॅकिनन यांच्यासाठी आहे, दुसऱ्या कोणी त्यावर विसंबू नये.

"म्हणजे तपासणीवाल्याची चूक निघाली तरी दावा मिस्टर मॅकिननच लावू शकतात," त्या म्हणाल्या.

"मग तो लावेल. चांगला माणूस आहे."

"पण त्यांचं नुकसान काय झालं? त्यांनी घर घेतलंच नाही."

"नुकसान माझं झालं."

"हो. पण रिपोर्ट तुमचा नाही."

लेसने विचार केला. "आम्ही दोघं एकत्र आलो तर?"

"तुम्ही दोघं एक माणूस असतात, तर केस फार मजबूत होती," मिस कॉलवेल म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच हळहळ वाटली होती.

मग त्यांनी पुढचे मार्ग सांगितले. घराचा ताबा घेण्याआधी कळलं असतं तर करार मोडता आला असता. आता ताबा घेतला. विकणाऱ्याला दोष माहीत नसेल तर ज्याने घेतलं त्याने बघून घ्यायला हवं होतं. माहीत असूनही तो नुसता गप्प बसला असेल, तर ते सिद्ध करणं कठीण. पण त्याने दोष मुद्दाम झाकला असेल, तर गोष्ट वेगळी. मग तो सुटत नाही.

"भिंतीवरचा तक्ता नवीन आहे," लेस म्हणाला.

"नवीन तक्ता लावणं गुन्हा नाही. तक्त्यामागे काय आहे हे बघून लावला, हे दाखवावं लागेल. कुणीतरी ती भिंत उघडी असताना पाहिलेली हवी. आहे असं कोणी?"

लेसच्या डोळ्यांसमोर कोणी आलं नाही.

"शोधा. आणि तोवर कशालाही हात लावू नका. वारूळ मारायचं नाही, फळी बदलायची नाही, पियानो उचलायचा नाही. सगळा पुरावा आहे. समोरच्यांचा तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत जसंच्या तसं."

"वाळवी खातेय अजून."

"हो."

"म्हणजे पुरावाच पुरावा खातोय."

मिस कॉलवेलनी ते लिहून घेतलं.

विकणारा लेन बकल. घर विकून त्याने मोठी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, घेतली होती आणि बायकोला घेऊन देशाला प्रदक्षिणा घालायला निघाला होता. आमच्याकडे निवृत्त माणसाला हा रोग होतोच. पत्ता असा उरत नाही. वकिलांची नोटीस एका गावच्या कॅरव्हॅनतळावर पोचली तेव्हा तो दोन दिवसांपूर्वी पुढे गेला होता. पुढच्या गावी पोचली तेव्हा तो मासे धरायला खाडीत होता. शेवटी एका तळाच्या बाईने ती त्याच्या खिडकीत खोचली. त्याच्या वकिलांचं उत्तर आलं: त्यांचा तज्ज्ञ सत्तावीस ऑगस्टला येईल.

चौदा तारखेनंतर तेरा दिवसांनी.

या काळात जो दररोज कुंपणावर उभा. इतका सल्ला लेसला अडतीस वर्षांच्या नोकरीतही मिळाला नव्हता. नगरपालिकेत जा, नकाशावर सही कुणी केली बघ. आमदाराला पत्र लिही. दलालाला धर, त्याने जाहिरातीत "भक्कम" लिहिलं होतं. वर्तमानपत्रात दे. पियानो बनवणाऱ्या कंपनीलाच लिही, एवढा जड का केला म्हणून.

"जो, पियानो जर्मनीत झाला. ऐंशी वर्षांपूर्वी."

"मग काय? जर्मन लोक पत्राला उत्तर देतात."

जोची बायको रीटा मागून ओरडायची, "त्याचं ऐकू नकोस, लेस. स्वतःच्या कोंबड्यांचं खुराडं पाच वर्षं वाकडं आहे याचं." ती ताटात काहीतरी झाकून आणायची, बहुधा भाजलेल्या मॅकरोनीचा तुकडा, आणि पियानोकडे बघून छातीवर क्रूस काढायची. भिंतीतलं शहर बघायला ती एकदाच आली. बघितलं, आणि या वेळी क्रूस काढायलाही विसरली. "देवाने हे आपल्याला का नाही शिकवलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जो, तू बघायला नाही आलास?"

"मला वाळवीची किळस येते," जो म्हणाला.

नगरपालिकेत लेसला तीन खिडक्या फिरवलं आणि चौथ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती. आमदाराच्या कार्यालयातून छापील पत्र आलं, की आपल्या रस्त्याच्या तक्रारीची नोंद घेतली आहे. दलाल म्हणाला, "भक्कम म्हणजे मी शेजार म्हणालो होतो."

संध्याकाळी लेस पुन्हा खुर्चीत बसायचा. तक्ता उघडाच होता, वॉरनने त्यावर जाड प्लास्टिक चिकटवलं होतं. प्लास्टिकमधूनही ऊब यायची. हे बरोबर नव्हे, हे त्याला कळत होतं. ज्यांनी घर खाल्लं त्यांच्याकडेच शेकत बसायचं. पण दुसरी उबदार जागा घरात नव्हती, आणि नोएलाला ते विचित्र वाटलं नसतं. तिला वाटलं असतं, की ताल चांगला आहे.

लेसने सगळ्यांना फोन करून चौदा तारीख रद्द करायची ठरवलं. पहिला फोन केव्ह मॅकिननला केला, कारण त्याचं नाव यादीत होतं. रिपोर्टवाला केव्हच. आठव्या वर्षापासून दोन वर्षं तो नोएलाकडे शिकला होता.

"रद्द कशाला?" केव्ह म्हणाला.

"पियानो तिरका आहे. हलवता येत नाही."

"वाजतो का?"

"सूर लावलेले नाहीत."

"मिसेस डॉकरिलनी माझ्या बोटांवर पट्टी मारली तेव्हा सूर लावलेले होते. तरी मी चुकलोच. येतो आम्ही."

केव्ह बावन्न वर्षांचा होता, उसाच्या ट्रकांचा मालक. अजून तो तिला मिसेस डॉकरिलच म्हणत होता.

चौदा तारखेला बावीस माणसं आली. मिस कॉलवेलनी लेखी कळवलं होतं, की एका वेळी आठपेक्षा जास्त माणसांनी खोलीत उभं राहू नये आणि कोणीही पियानोला टेकू नये. म्हणून बाकीचे व्हरांड्यात खिडक्यांशी उभे राहिले. खाली वॉरन धुण्याच्या मशीनशेजारी खांबाला हात लावून उभा होता. काही खचलं तर ओरडणार होता. रीटाने सँडविचं केली होती. जो तिच्यामागे थाळ्या धरून उभा होता आणि भिंतीकडे पाठ करून होता.

प्रत्येक जण आधी पियानो बघून हसला, मग भिंतीशी गेला आणि हसायचा थांबला. ज्या बाईने बारा वर्षं नोएलाकडे काढली होती ती आता डॉक्टर होती. तिने प्लास्टिकवर तळहात ठेवला आणि खूप वेळ काढला नाही. "ताप आलेल्या माणसासारखी आहे," ती म्हणाली.

पियानोशी कोणी बसेना. स्टूल तिरकं ठेवावं लागत होतं, डावा हात खाली आणि उजवा वर. शेवटी केव्ह पुढे आला. एवढा मोठा माणूस, कान लाल झालेले. तो बसला नाही. तिरका उभा राहिला, जसं वादळात माणूस उभं राहतो.

"मला एकच येतं," तो म्हणाला. "तेही अर्धं."

त्याने सुरू केलं. साधी चाल होती, पोरांना पहिल्या वर्षी शिकवतात ती. खालचे सूर बेसूर होते आणि प्रत्येक सुराला फळी थरथरत होती. चौथ्या ओळीला तो चुकला, थांबला, मागे गेला. आणि तो थांबला तेव्हा ते सगळ्यांना ऐकू आलं.

भिंत टकटक करत होती.

पेला लावायची गरज नव्हती. थरथर फळीतून वारुळात गेली असणार. आतले शिपाई, किती हजार कुणास ठाऊक, भिंतभर एका तालात डोकी आपटत होते. टकटक, टकटक, टकटक. व्हरांड्यातली माणसं खिडकीतून आत वाकली. लेसला खोलीचा कोपरा दिसला, जिथे नोएलाचं ताल मोजायचं लाकडी यंत्र असायला हवं होतं. ते खोक्यात होतं, अजून काढलेलं नव्हतं. पण ताल होता.

"बघितलंत?" केव्ह हळूच म्हणाला, भिंतीकडे न बघता. "चुकलो की लगेच. अजूनही."

आधी डॉक्टरीण हसली, मग सगळे हसले, आणि हसताहसता बऱ्याच जणांचे डोळे भरले. केव्हने चाल पुन्हा पहिल्यापासून धरली, या वेळी भिंतीच्या तालात, आणि शेवटपर्यंत नेली. अर्धी येते म्हणाला होता. पूर्ण येत होती.

खालून वॉरन कुजबुजल्यासारखा ओरडला, "सगळं ठीक आहे."

लेसने सँडविच घेतलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला. तिथे जो नळाखाली थाळ्या धुत होता. थाळ्यांत अजून सँडविचं होती.

"जो, अरे काय करतोयस?"

जोने नळ बंद केला. पुसायला काही नव्हतं म्हणून शर्टाला हात पुसले.

"तो तक्ता मी लावला," तो म्हणाला.

लेसला आधी कळलं नाही.

"गेल्या फेब्रुवारीत. लेन म्हणाला, भिंतीला ओल आहे, हात लाव. गेलो. भिंत उघडी होती. ते... ते जे आहे, ते होतं. एवढं नव्हतं, पण होतं. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, तू तक्ता धर. मी धरला. त्याने खिळे मारले. एक खोकं दिलं."

"तू पाहिलंस."

"तेव्हा तू माझा शेजारी नव्हतास, लेस. तो होता. वीस वर्षं." जो खाली बघत होता. "तू घर बघायला आलास तेव्हा मी केव्हचा रिपोर्ट आणला. मला वाटलं त्यात असेलच. वाचला. नव्हतं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. वाटलं, रिपोर्टवाल्याला नाही दिसलं म्हणजे मलाच भास झाला असेल."

लेसला एकेक सल्ला आठवला. विमा, नगरपालिका, आमदार, जर्मनी. जगातल्या सगळ्या दिशा जोने दाखवल्या होत्या, एक भिंत सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर जो उभा नव्हता. पत्रपेटीत एक कागद होता. वहीच्या पानावर, लेन बकलने काय उघडं असताना काय झाकलं, कुठल्या दिवशी, किती खिळे, आणि खिळे मारताना तक्ता कुणी धरला, सगळं. खाली सही. शेजारी रीटाचीही सही, साक्षीदार म्हणून. तिने खाली लिहिलं होतं: "याला मी पुरेसं बोलले आहे, तू बोलू नकोस."

हा कागद मिस कॉलवेलना हवा तो कागद होता. लेसला ते पहिल्या ओळीतच कळलं. आणि तो दिला तर जोला कुठे उभं राहावं लागेल, काय काय विचारलं जाईल, आणि लेन बकलशी त्याची वीस वर्षं कुठे जातील, हेही कळलं.

सत्तावीसला तज्ज्ञ आला. त्याने भिंतीचे अठ्ठावन्न फोटो काढले आणि जाताना एक खासगीत स्वतःसाठी काढला. मग वॉरनने वारुळात पांढरी भुकटी सोडली. सोडताना त्याने डोक्यावरची टोपी काढली होती. टकटक पाच दिवस चालली, मग कमी झाली, मग नाही.

आता सप्टेंबर संपत आलाय. गळीत जोरात आहे. भिंत थंड आहे. वकिलांची पत्रं येतात, सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही. जो पुन्हा कुंपणावर येतो, पण सल्ला देत नाही. टोमॅटो देतो. लेस त्याच खुर्चीत बसतो आणि नोएलाला सांगतो, बाजारात कोण भेटलं, टोमॅटो कसे होते.

पियानो अजून जमिनीत आहे. जोचा कागद पियानोच्या स्टुलात, नोएलाच्या वह्यांखाली ठेवलाय. लेसने तो अजून वकीलबाईंना दिलेला नाही.